गौताळ्याच्या कडेला दोन रात्री

नाताळ जवळ आला की कारखान्याच्या कँटीनमध्ये एकच विषय निघतो. कोणी महाबळेश्वरला चाललेले असते, कोणी गोव्याला. आपल्या वस्त्यांमध्ये मात्र सुट्टी म्हणजे जादा पाळी, नाहीतर गावाकडचे लग्न, नाहीतर घराची रंगरंगोटी. सहल ही शाळेतल्या लेकरांची गोष्ट, तीही पैसे भरता आले तर. चौदा एप्रिल असो, सहा डिसेंबर असो, नागपूरची दीक्षाभूमी असो, आपण शेकडो किलोमीटर जातो, रेल्वेच्या दारात बसून जातो. पण नुसते रान पाहायला, दोन दिवस निवांत बसायला म्हणून बायकापोरांसह घराबाहेर पडणे अजून आपल्या अंगवळणी पडलेले नाही. खर्चाचे कारण आहेच, पण ते एकटेच कारण नाही. त्याबद्दल पुढे येईल.

छत्रपती संभाजीनगरहून कन्नडला निघाले की साधारण सत्तर किलोमीटरवर गौताळा लागतो. सरकारी नाव गौताळा औट्रमघाट अभयारण्य. १९८६ साली ते जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर, अर्धेअधिक आपल्या जिल्ह्यात आणि उरलेले जळगाव जिल्ह्यात. सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेतले हे पानगळीचे रान आहे. अंजन, पळस, खैर, सालई, धावडा आणि जिकडे पाहावे तिकडे सीताफळ. बिबट्या आहे, अस्वल आहे, रानडुक्कर, नीलगाय, वानरे आहेत. मार्च २०२१ मध्ये तर वनखात्याच्या कॅमेऱ्यात चक्क वाघ आला. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून दोनेक हजार किलोमीटरची पायपीट करून आला होता आणि १९४० नंतर इथे दिसलेला तो पहिलाच वाघ, असे वनाधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले होते. गौताळा हे नाव लोक गौतम ऋषींशी जोडतात. आपल्यातले काही उत्साही बंधू ते थेट तथागतांशी जोडू पाहतात. त्याला काही पुरावा नाही आणि त्याची गरजही नाही. तथागतांचे नाव सांगणारी जागा याच रानात दगडात कोरलेली आहे, तिथे आपण जाणारच आहोत.

आधी मुक्कामाचे बोलू, कारण चौकशी सगळे त्याचीच करतात. अभयारण्यात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे आत जायला आणि राहायला वनखात्याची परवानगी लागते. रानाला धोका होईल असा जाळ करायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. डिसेंबरात गवत वाळून सोन्यासारखे झालेले असते, एका विडीने डोंगर पेटतो. आम्ही म्हणून रानाच्या बाहेर, कन्नड तालुक्यातल्या एका शेतात मुक्काम केला. आमच्या रिक्षावाल्या मित्राच्या बहिणीचे सासर तिथे आहे. त्यांची दोन एकर जमीन, बांधाला बांध लागून डोंगर. शेतावर पक्का संडास आहे, हे बायकांनी आधी फोनवरून विचारून घेतले आणि मगच यायला होकार दिला. पुरुषमंडळी हा प्रश्न कधी विचारत नाहीत. सहल ठरवताना तोच पहिला विचारावा.

आम्ही चार घरची मिळून सतरा माणसे होतो. वाळूजच्या कारखान्यातले आम्ही दोघे, एक रिक्षावाला, एक महापालिकेत सफाईला, आमच्या घरच्या बाया, नऊ लेकरे आणि माझी आई. माणशी पाचशे रुपये वर्गणी काढली. तंबू विकत घेण्याची आमची ऐपत नाही. दोन मोठ्या ताडपत्र्या, आठ बांबू, सुतळीचे बंडल, घरोघरच्या वाकळा आणि दोन चार्जिंगच्या बॅटऱ्या. हे सामान ओळखीच्या छोट्या हत्तीत टाकले, बाकीचे एसटीने. बायकांना मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या सवलतीने अर्धेच तिकीट पडले. २५ डिसेंबर होता. १९२७ साली याच दिवशी महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. सकाळी विहारातला तो कार्यक्रम आटोपला आणि अकराच्या गाडीला बसलो.

आईच्या मांडीवर पाण्याची कॅन होती. वीस लिटरची, नळावरून भरलेली. मी म्हणालो, अगं, शेतावर विहीर आहे. ती म्हणाली, "आसू दे. आपलं आपल्याजवळ बरं." तिची ही सवय आम्हाला माहीत आहे. परक्या गावाला जाताना ती पाणी घेऊन निघते. वाटेत तहान लागली तरी कुणाच्या दारात तांब्या मागत नाही. लेकरांना याचे हसू येते. त्यांना वाटते, आजीला बिसलेरीचे पैसे वाचवायचे आहेत.

एसटी दौलताबादला आली. खिडकीतून किल्ला दिसला. तेव्हा मोठ्या पोरांना एक हकिकत सांगितली. वाचकांपैकी अनेकांना ती ठाऊक असेल, पण घरातल्या लहानांना सांगितलेली नसते. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह याच रस्त्याला सहलीला आले होते. होय, सहलीलाच. चळवळीतल्या मंडळींनी आग्रह धरला, वेरूळची बौद्ध लेणी पाहायची ठरली. तीसेक माणसे नाशिकहून मोटारीने निघाली. कुणाला वर्दी दिली नाही, कारण वाटेत त्रास नको होता. रमजानचा महिना होता असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्या साली रमजान डिसेंबर-जानेवारीत येत होता, म्हणजे ती सहलही अशीच थंडीतली. दौलताबादला आपली माणसे चहा घेऊन थांबली होती. पण अंधार पडायच्या आत किल्ला पाहावा म्हणून चहा परतताना घेऊ असे ठरले. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेला हौद होता. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. काहींनी हातपाय तोंड धुतले. तेवढ्यात एक म्हातारा मागून ओरडत आला की, यांनी हौद बाटवला. जमाव जमला. शिवीगाळ झाली, गावातल्या आपल्या माणसांनाही धमक्या मिळाल्या. बाबासाहेबांनी त्यांना खडसावून विचारले की, तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही पाणी नाकाराल का? शेवटी आत सोडले, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, या अटीवर. सोबत बंदूकधारी शिपाई दिला. परदेशात शिकून आलेले बॅरिस्टर, डोक्यावर सुट्टीची हौस आणि मागे पाण्यावर नजर ठेवणारा शिपाई. बाबासाहेबांनी हे स्वतः इंग्रजीत लिहून ठेवले. ते त्यांच्या पश्चात, १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने छापले गेले.

हकिकत संपली तेव्हा धाकटी पोर आजीच्या कॅनकडे पाहत होती. कुणी काही बोलले नाही. खुलताबादला गाडी थांबली तेव्हा पेरू घेतले.

वेरूळ मागे टाकल्यावर रस्त्याला कपाशी, मका आणि आद्रकाची शेते लागतात. समोरून एक ट्रॅक्टर गेला. दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या, शेळ्या आणि माणसे. उशिरा निघालेली ऊसतोडीची टोळी. मराठवाड्यातली लाखो माणसे दिवाळीनंतर अशी निघतात आणि मार्चपर्यंत फडावर राहतात. तिथे पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोपीत राहायचे. त्यांची लेकरेही हिवाळा उघड्यावर काढतात, पण त्याला कोणी सुट्टी म्हणत नाही. आमची ताडपत्री आणि त्यांची ताडपत्री एकाच दुकानातली. हे मनात आले आणि खरे सांगतो, त्या ट्रॅक्टरकडे पाहून हात हलवणाऱ्या आमच्या पोरांना गप्प करावे की काय, असे वाटले. पण ट्रॉलीतल्या पोरांनी आधीच हात हलवला होता.

संध्याकाळी ताडपत्र्या बांधल्या. वाऱ्याकडची बाजू खाली ओढून दगड ठेवले, खाली कडबा आणि वर वाकळा अंथरल्या. आई सगळे पाहत होती. म्हणाली, "बहात्तर साली खडी फोडायला गेलो तवा बी अशीच पालं होती. फक्त तवा आत खायला काय नव्हतं." १९७२ चा दुष्काळ ज्यांनी अंगावर काढला त्यांना रान, उघडी रात्र, चुलीचा धूर यांचे कौतुक सांगायला जाऊ नये. रान म्हणजे त्यांच्यासाठी सरपणाचा भारा, गवताचे ओझे आणि फॉरेस्ट गार्डची भीती. नुसते बसायला रानात येतात हे आईने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. तिला त्याचे हसू येत होते, पण चेहरा खुलला होता.

पाण्याचा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी आलाच. सतरा माणसांना कॅन किती पुरणार? पाहुण्यांच्या शेताला शेजारच्या विहिरीतून पाणी येते. विहीर दुसऱ्या समाजाच्या शेतकऱ्याची. मोटार चालू होती, हौदात धबधबा पडत होता आणि आमची पोरे केव्हाच तिथे भिजत होती. आई कळशी घेऊन बांधावर थांबली. त्या घरची सून भांडी घासत होती. ती म्हणाली, "या की आजी, भरा." आई जागची हलली नाही. म्हणाली, "माय, आम्ही जयभीमवाले हाओत." सुनेने मान वर करून पाहिले आणि म्हणाली, "मंग काय झालं? लवकर भरा, आठला लाईट जाती."

आईने कळशी भरली. त्या दिवशी लाईट आठच्या आतच गेली, हा भाग वेगळा. एका विहिरीवरून अख्खा तालुका ओळखू नये, हे मलाही कळते. पाण्यावरून, विहिरीवरून अजून मारहाणी होतात, आपण त्या बातम्या वाचतो. पण त्या सुनेच्या उत्तरात उपकार नव्हता, हे सांगितले पाहिजे. तिला आमच्या जातीपेक्षा वीज मंडळाची काळजी जास्त होती.

नऊ वाजता पितळखोऱ्याला निघालो. शहरापासून हे ठिकाण साधारण ऐंशी किलोमीटर, वेरूळपासून चाळीस. अजिंठा-वेरूळला परदेशातून माणसे येतात. पितळखोरे वेरूळपेक्षा जुने आहे आणि आपल्याच जिल्ह्यातल्या बहुतेकांनी पाहिलेले नाही. पठारावर गाडी थांबते आणि लेणी कुठेच दिसत नाहीत. मग पायऱ्या सुरू होतात आणि तुम्ही दरीत उतरू लागता. पावसाळ्यात इथे धबधबा असतो. डिसेंबरात नुसता काळा ओला कातळ आणि खाली डोह. वयस्कर माणसांनी काठी घ्यावी. उतरणे सोपे, चढताना दम लागतो. आई तीनदा बसली, पण वर-खाली दोन्ही केले.

एकूण चौदा लेणी आहेत. चार चैत्यगृहे, बाकी भिक्खूंच्या राहण्याचे विहार. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास, म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हे खोदकाम सुरू झाले. कातळ ठिसूळ निघाला. पुढचे भाग कोसळले, खांब गेले. अनेक शतके सगळे मातीखाली होते. पुरातत्त्व खात्याने १९५० च्या दशकात सफाई केली आणि म. न. देशपांडे यांनी १९५९ साली त्यावर सविस्तर लिहिले, तेव्हा इथे काय होते ते जगाला नीट कळले.

तिसऱ्या क्रमांकाचे लेणे म्हणजे मोठे चैत्यगृह. आत गेल्यावर आमच्या मधल्या पोराने विचारले, बुद्ध कुठे आहेत? त्याने विहारात नेहमी मूर्ती पाहिलेली. त्याला सांगितले की, त्या काळी तथागतांची मूर्ती करत नसत, स्तूप हीच खूण. त्या स्तूपात स्फटिकाच्या लहान डब्या सापडल्या, धातू ठेवण्याच्या. पुढे पाच-सहाशे वर्षांनी इथे पुन्हा भिक्खूंचा वावर झाला आणि खांबांवर रंगांनी बुद्ध रंगवले गेले. ते पुसट झालेले रंग आजही दिसतात. बॅटरीचा झोत त्यावर टाकू नये, हात तर मुळीच लावू नये. आम्ही स्तूपासमोर उभे राहून त्रिसरण-पंचशील घेतले. आवाज असा घुमला की लेकरे घाबरून हळू बोलू लागली.

आता ज्यासाठी मी हे सगळे लिहायला घेतले ते सांगतो. या लेण्यात खांबांवर लेख आहेत. ब्राह्मी लिपी आपल्याला येत नाही, पण जाणकारांनी वाचून ठेवले आहे. एका खांबावर लिहिले आहे की, हा खांब पैठणच्या मितदेवाच्या घराण्याने दिला. मितदेव कोण? गंधिक, म्हणजे अत्तर आणि सुगंधी द्रव्ये विकणारा. दुसरा खांब पैठणच्याच संघकाच्या मुलांनी दिला. राजाचे नाव नाही, सेनापतीचे नाही. अख्खे लेणे देण्याची ऐपत नव्हती, म्हणून एक-एक खांब. हे ऐकून महापालिकेतले आमचे बंधू म्हणाले, "म्हणजे आपल्या विहारातल्या पंख्यासारखं!" अगदी बरोबर. आपल्या विहारातल्या पंख्याच्या पात्यावर, घड्याळावर, फरशीवर नाव असते की नाही? कुणाच्या स्मरणार्थ, कुणाकडून सप्रेम भेट. आपण त्याला हसतो. ती रीत दोन हजार वर्षांची आहे. शेजारच्या चौथ्या लेण्यात मगिल नावाच्या राजवैद्याचे आणि त्याच्या लेकीचे नाव आहे. लेकीच्या नावाने दान, तेही त्या काळात. आमच्या बायांनी ही गोष्ट दोनदा सांगायला लावली.

त्या चौथ्या लेण्याच्या जोत्याला हत्ती ओळीने कोरले आहेत, जणू सगळा विहार त्यांच्या पाठीवर आहे. दाराशी हातात भाला आणि ढाल घेतलेले द्वारपाल आहेत. जवळच फणा काढलेला नाग आहे. वरचे पाणी कातळातल्या नळीने येऊन त्याच्या फण्यातून पडावे, अशी सोय करणाऱ्याने करून ठेवली. पोरांनी त्या छिद्रात बोटे घालायचा प्रयत्न केला, त्यांना मागे ओढावे लागले.

याच लेण्याच्या पुढच्या ढिगाऱ्यात एक यक्ष सापडला. बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर परडी धरून खदखदा हसणारा. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, इथे पाहायला मिळत नाही. त्याच्या हातावर एक ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ, कान्हदास सोनाराने हा केला. देणाऱ्याचे नाव सगळीकडे असते, हाताने काम करणाऱ्याचे क्वचितच. हा कान्हदास सोन्याचे बारीक काम करणारा असावा आणि दगडाकडे वळला असावा. त्याने काम केले आणि नाव टाकले, तेही आपल्या मूर्तीच्या हातावर. आमच्या कारखान्यात मी वीस वर्षे यंत्राचे भाग बनवतो. हजारो भाग बाहेर गेले, गाड्यांत बसले. कान्हदासाबद्दल वाचले तेव्हापासून तो हसरा यक्ष माझ्या डोक्यातून जात नाही. दिल्लीला गेलो तर लाल किल्ल्याआधी त्याला भेटणार आहे.

दुपारी दरीच्या वर येऊन भाकरी, ठेचा आणि सुकटीची चटणी खाल्ली. उरलेले कागद, पिशव्या पोत्यात भरून परत आणल्या. वानरे टपून बसलेली असतात. त्यांना खायला घालू नका, सवय लागते आणि मग ती लेकरांच्या हातातून ओढतात.

दुसऱ्या रात्री थंडी जबर होती. रान सोडून शेतात असल्यामुळे शेकोटीला अडचण नव्हती. पाहुण्यांनी आगटी पेटवून ज्वारीची कणसे भाजली. गरम हुरडा तळहातावर चोळून लसणाच्या चटणीबरोबर खायचा. शहरातली आमची पोरे हुरडा कागदाच्या पाकिटात पाहिलेली. डोंगराकडून कोल्हे ओरडले. बिबट्याचा वावर आहे म्हणून पाहुण्यांनी ताकीद दिली होती की, अंधारात लेकरू एकटे बाहेर सोडायचे नाही, जायचे तर दोघांनी आणि बॅटरी घेऊन. ते आम्ही पाळले. आईने आकाशातले तिकांडे दाखवले, तीन चांदण्या एका रेषेत. पूर्वी घड्याळ नव्हते तेव्हा बाया ते पाहून दळायला उठत. तिकांडे कुठवर चढले की किती रात्र उरली, हे ती अजून अचूक सांगते. मोबाईलमध्ये पाहून पोरांनी खात्री केली, पंधरा मिनिटांचा फरक आला.

तिसऱ्या दिवशी परतण्याआधी औट्रम घाटाच्या तोंडाशी गेलो. इथून खाली खानदेश दिसतो, धुक्यात लांबवर चाळीसगावकडची शेते. घाटाला नाव जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे, ज्याने १८२५ पासून खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली. घाटातला दगड ज्यांनी फोडला त्यांची नावे कुठे नाहीत. आईने खाली पाहून एवढेच विचारले की, ही खडी कोणत्या दुष्काळातली?

अभयारण्याची चाळीसगावकडची बाजू पाहायची राहिली. तिकडे पाटणादेवी आहे, आणि पाटणला १२०७ सालचा शिलालेख. गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने तिथे मठ काढल्याची ती नोंद आहे. दहावीतल्या आमच्या पोरीला गणिताची आवड आहे, तिने पुढच्या डिसेंबरसाठी तेच ठिकाण सुचवले. कन्नडच्या स्थानकावर तिने चाळीसगावच्या गाड्यांच्या वेळा वहीत उतरवून घेतल्या. ताडपत्र्या धुऊन रिक्षावाल्या मित्राच्या माळ्यावर ठेवल्या आहेत.